गाडीतलं घड्याळ कसं लावायचं आणि त्यातून मुलांना काय शिकवायचं?



मुलांना घड्याळ शिकवताना आपण पुठ्ठ्याची तबकडी करतो, काटे फिरवतो, चित्रं काढून घेतो. हे सगळं हवंच. पण या घड्याळांना एक मर्यादा असते. ती चालत नाहीत, त्यामुळे ती कधी चुकतही नाहीत. याउलट गाडीतलं घड्याळ रोज चालतं आणि बऱ्याच घरांत ते चुकीचं असतं. कुणाचं सात मिनिटं मागे, कुणाचं मुद्दाम दहा मिनिटं पुढे, तर कुणाचं बॅटरी बदलल्यापासून भलतीच वेळ दाखवणारं. "राहू दे, मोबाईल आहे की," असं म्हणून आपण ते तसंच सोडून देतो.

ते सोडून देऊ नका. चुकलेलं घड्याळ दुरुस्त करण्यासारखा गणिताचा आणि विज्ञानाचा दुसरा सोपा धडा नाही. घरी चारचाकी नसेल तरी बिघडत नाही. शाळेची व्हॅन, रिक्षा किंवा भिंतीवरचं सेलवर चालणारं घड्याळ घेऊनही यातलं बहुतेक सगळं करता येतं.

आधी सुरक्षेचं बोलूया

घड्याळ गाडी उभी असतानाच लावायचं. चालत्या गाडीत एका हाताने बटणं दाबत बसणं धोक्याचं आहे. पाच सेकंद नजर पडद्यावर राहिली आणि गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर गाडी तेवढ्यात ८३ मीटर पुढे गेलेली असते. (हे गणित सहावी-सातवीच्या मुलांकडून करून घ्या. ६०,००० भागिले ३,६०० आणि मग गुणिले ५.)

मुलाला पुढच्या सीटवर बसवून घड्याळ लावायला द्यायचं असेल तर गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये आणि शेजारी मोठं माणूस असावं. किल्ली नुसती "ऑन"पर्यंत फिरवली तरी घड्याळ लागतं, इंजिन सुरू करायची गरज नसते. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन मुळीच सुरू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साईड जिवावर बेततो. आणि उन्हात उभ्या गाडीत मुलाला "तू घड्याळ लाव, मी आलोच" म्हणून एकटं सोडू नका.

घड्याळ लावायच्या पद्धती

प्रत्येक गाडीची पद्धत थोडी वेगळी असते आणि ती गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते. ढोबळमानाने चार प्रकार दिसतात.

१. दोन बटणांचं घड्याळ. एक बटण तासाचं (एच), दुसरं मिनिटाचं (एम). प्रत्येक वेळी दाबलं की आकडा एकाने पुढे जातो. काही गाड्यांत "शून्य-शून्य" असं तिसरं बटणही असतं. ते दाबलं की घड्याळ जवळच्या पूर्ण तासावर जातं. ८:०० ते ८:२९ मध्ये दाबलं तर ८:००, आणि ८:३० ते ८:५९ मध्ये दाबलं तर ९:००.

२. मीटरजवळच्या दांडीचं घड्याळ. वेगाच्या मीटरपाशी छोटी दांडी किंवा बटण असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की तासाचा आकडा लुकलुकायला लागतो. मग थोडा वेळ दाबून किंवा फिरवून तास, नंतर तसंच मिनिटं.

३. टचस्क्रीनचं घड्याळ. सेटिंग्जमध्ये "क्लॉक" किंवा "डेट अँड टाइम" उघडायचं. तिथे १२ तास की २४ तास, आपोआप वेळ घ्यायची की हाताने लावायची आणि वेळेचा पट्टा म्हणजे टाइम झोन कोणता, हे सगळं असतं. आपल्यासाठी "+५:३०".

४. काट्यांचं घड्याळ. काही गाड्यांत मधोमध गोल घड्याळ असतं. त्याचे काटे शेजारच्या बटणांनी पुढे-मागे होतात.

अचूक लावायचं असेल तर एक युक्ती आहे. मोबाईलची वेळ "ऑटोमॅटिक" वर असल्याची खात्री करा आणि सेकंद दिसतील असं घड्याळ उघडा. समजा मोबाईलवर ७:४१:३० झाले आहेत. गाडीत ७:४२ आणायची तयारी करून थांबा आणि मोबाईलवर ७:४२:०० होताक्षणी शेवटचं बटण दाबा. बऱ्याच गाड्यांमध्ये मिनिट लावलं की आतले, न दिसणारे सेकंद शून्यापासून सुरू होतात. या थांबण्यात मुलांना फार मजा येते. पाच, चार, तीन, दोन, एक!

बटणातलं गणित

"शून्य-शून्य" बटण म्हणजे जवळची किंमत काढणारं यंत्रच. "४७ ची जवळची दशक किंमत किती?" हे मुलांना कोरडं वाटतं. त्यांना विचारा, "घड्याळ ८:२९ ला असताना बटण दाबलं तर काय होईल? आणि एकाच मिनिटाने दाबलं तर?" मधली रेषा ३० वर का आहे, ५० वर का नाही, हा पुढचा प्रश्न. तासात ६० मिनिटं असतात हे तिथे मुलाला स्वतःलाच सांगावं लागतं.

दुसरा प्रश्न मागे जाण्याचा. बटण फक्त पुढेच नेत असेल आणि घड्याळात ४२ मिनिटं दिसत असताना आपल्याला ३७ हवी असतील, तर किती वेळा दाबायचं? पाच मागे म्हणजे ५५ पुढे. तासांचंही तसंच. ७ वरून ६ वर यायला १२ तासांच्या घड्याळात ११ वेळा दाबावं लागेल, २४ तासांच्या घड्याळात २३ वेळा. गोल फिरणाऱ्या संख्यांचं हे गणित पुढे मोठ्या वर्गांत औपचारिक रूपात येतं, पण त्याची चव चौथीतल्या मुलालाही घेता येते.

घड्याळ आतून कसं चालतं?

गाडीतल्या साध्या घड्याळात क्वार्ट्झचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या गारगोटीच्या कुळातल्या स्फटिकाचा एक बारीक तुकडा असतो. क्वार्ट्झ दाबला की त्यात वीज निर्माण होते, हे जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही घडतं. त्याला वीज दिली की तो थरथरतो, आणि ठरावीक आकारात कापलेला तुकडा ठरावीक गतीनेच थरथरतो. घड्याळासाठी तो दोन दातांच्या नादकाट्यासारखा कापतात आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो.

हा विचित्र आकडा कशासाठी? मुलांना वहीत ३२,७६८ लिहायला सांगा आणि निम्मं करत जायला सांगा. १६,३८४, मग ८,१९२, मग ४,०९६... बरोबर पंधराव्या वेळी उत्तर १ येतं. घड्याळातलं सर्किटही हेच करतं. पंधरा वेळा निम्मं, आणि हातात सेकंदाला एक ठोका. म्हणजे हा आकडा २ चा १५ वा घात आहे. आणखी एक सोय म्हणजे माणसाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचेच आवाज ऐकू येतात, त्यामुळे ही थरथर आपल्याला ऐकू येत नाही.

तरी ते चुकतं का?

कारण कोणताही तुकडा तंतोतंत ३२,७६८ कंपनं देत नाही. दहा लाखांत वीस इतकी चूक साध्या स्फटिकात सहज असते. ऐकायला ती नगण्य वाटते. पण एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. गुणाकार केला तर दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंद, महिन्याला ५२ सेकंद आणि वर्षाला साडेदहा मिनिटं! "एवढ्याशा चुकीने काय होतं?" याचं हे उत्तर मुलं विसरत नाहीत.

त्यात उन्हाची भर. हा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सियसला जुळवलेला असतो. तापमान त्याहून वाढलं तरी त्याची गती मंदावते आणि कमी झालं तरी मंदावते. २५ अंशांपासून जितके अंश दूर, त्याचा वर्ग करायचा आणि ०.०३५ ने गुणायचं, की दहा लाखांत किती मागे पडेल ते साधारण कळतं. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ६० अंशांपर्यंत तापला, तर फरक ३५, वर्ग १,२२५ आणि चूक दहा लाखांत ४३. तशा पाच तासांत घड्याळ सुमारे पाऊण सेकंद मागे पडेल. आता मुलांना विचारा, "उणे १० अंशांच्या थंडीत घड्याळ पुढे जाईल की मागे?" बहुतेक मुलं "पुढे" म्हणतील. पण फरक तिथेही ३५ च आहे आणि वर्गही तोच, म्हणून तिथेही ते तेवढंच मागे पडेल. ऋण संख्येचा वर्ग धन का, हे समजावायला याहून चांगलं उदाहरण मिळणं अवघड.

चूक वाचायला शिका

आता मुख्य मुद्दा. घड्याळ "चुकीचं आहे" एवढं म्हणून थांबू नका. नेमकं कितीने चुकीचं आहे ते पाहा, कारण चुकीचा आकडाच तिचं कारण सांगतो.

काही मिनिटांचा, हळूहळू वाढत जाणारा फरक असेल तर तो स्फटिकाचा. लावून टाका, काळजी नको.

घड्याळ १२:०० किंवा १:०० पासून पुन्हा सुरू झालं असेल तर मधे वीज तुटली होती. गाडी बंद असतानाही घड्याळ १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, म्हणून बॅटरी काढली की बहुतेक गाड्यांत ते नव्याने सुरू होतं. पण कुणी बॅटरीला हात न लावता, गाडी सुरू करताना वारंवार असं होत असेल, तर बॅटरी थकली असेल, तिची जोडणी सैल असेल किंवा फ्यूजमध्ये दोष असेल. मेकॅनिकला दाखवा. पावसात, रात्री, आडरस्त्याला गाडी बंद पडण्याआधी घड्याळाने दिलेली ती सूचना असू शकते.

बरोबर १२ तासांचा फरक असेल तर एएम-पीएमची अदलाबदल झाली आहे. ११:५९ एएम नंतर १२:०० पीएम येतात, हे मुलांना (आणि मोठ्यांनाही) गोंधळात टाकतं.

बरोबर ५ तास ३० मिनिटं मागे असेल तर घड्याळ जागतिक प्रमाणवेळ दाखवतं आहे, भारताचा पट्टा निवडलेलाच नाही. बरोबर अर्धा तास मागे असेल तर पाकिस्तानचा (+५), अर्धा तास पुढे असेल तर बांगलादेशचा (+६) आणि १५ मिनिटं पुढे असेल तर नेपाळचा (+५:४५) पट्टा निवडला गेला असण्याची शक्यता आहे. बरोबर एक तास पुढे असेल तर "डेलाइट सेव्हिंग" चालू आहे का ते पाहा. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, आपल्याकडे ती पद्धत नाही.

आणि वर्षच एकोणीस-वीसने मागे गेलं असेल तर? उपग्रहावरून वेळ घेणाऱ्या गाड्यांत हेही होतं. जीपीएस ६ जानेवारी १९८० पासून आठवडे मोजतं, पण मूळ संदेशात त्यासाठी दहाच द्विमान अंकांची जागा ठेवली होती. २ चा १० वा घात १,०२४. म्हणून ० ते १,०२३ झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते, साधारण १९ वर्षं साडेसात महिन्यांनी. १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये असं झालं आहे. जानेवारी २०२२ मध्ये होंडा कंपनीच्या काही जुन्या गाड्यांचं घड्याळ एकदम २००२ साल दाखवू लागलं, त्याचाही संबंध जाणकारांनी याच मोजणीशी जोडला होता. म्हणजे आपल्या घड्याळातले ६० मिनिटांनंतरचे शून्य आणि उपग्रहाच्या घड्याळातले १,०२४ आठवड्यांनंतरचे शून्य ही एकाच जातीची गोष्ट.

मुलांच्या चुकाही अशाच वाचायच्या असतात

शिक्षक म्हणून मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. "७:१० ला निघालो, ८:०५ ला पोचलो, किती वेळ लागला?" यावर एक मूल "९५ मिनिटं" असं लिहितं. आपण लाल फुली मारून पुढे जातो. पण ते ९५ आलं कुठून? ८०५ वजा ७१०. मुलाची वजाबाकी अगदी बरोबर आहे, फक्त त्याने तास १०० मिनिटांचा धरला. त्याला वजाबाकीची आणखी वीस उदाहरणं देऊन काहीही होणार नाही. त्याला ७:५९ नंतर घड्याळात ७:६० न येता ८:०० येताना डोळ्यांनी पाहायला हवं. ते गाडीच्या घड्याळात रोज दिसतं.

दुसरं मूल ३:५० ला "४:५०" वाचतं. त्याला मिनिटं येतात. तासकाटा चारच्या जवळ गेला म्हणून ते फसलं. तिसरं मूल २:१५ ला "दोन वाजून तीन मिनिटं" म्हणतं. ते तबकडीवरचा आकडा तसाच वाचतं आहे, पाचचा पाढा अजून घड्याळाशी जोडला गेलेला नाही. चौथं मूल साडेपाच तास म्हणजे ५.३० तास असं दशांशात लिहितं, खरं तर ते ५.५ आहेत. चार चुका, चार वेगळी कारणं, आणि चौघांनाही एकच उपाय लागू पडत नाही.

इथे आपल्या भाषेचाही विचार करायला हवा. आजी म्हणते "पावणेचार", गाडीचा पडदा म्हणतो ३:४५. मुलाच्या कानावर "चार" पडतं आणि डोळ्यांना "तीन" दिसतं. सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच हे शब्द गाडीत जाता-येता बोलत राहा. "आता किती वाजले? आजीच्या भाषेत सांग बघू." दोन आठवड्यांत फरक दिसेल.

साडेपाच तासच का?

मोठ्या मुलांसाठी हा प्रश्न. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व या रेखावृत्तावरून ठरते. ८२.५ गुणिले ४ बरोबर ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास.

मुंबई मात्र सुमारे ७२ अंश ५० मिनिटांवर आहे. तिची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे आजच्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे येते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईत जुनी "मुंबई वेळ" काही ठिकाणी १९५५ पर्यंत पाळली जात होती. त्या काळात एकाच शहरात "किती वाजले?" या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं होती!

हे अंगणात तपासता येतं. उभ्या काठीची सावली सर्वांत लहान कधी होते ते पाहा. मुंबईत ते सरासरी १२:३९ च्या आसपास घडतं, नागपुरात १२:१४ च्या आसपास. ऋतूप्रमाणे यात सुमारे पाव तास मागे-पुढे होतं.

चार रविवारांचा प्रकल्प

पहिल्या रविवारी घड्याळ सेकंदाला सेकंद जुळवा. पुढचे चार रविवार ठरावीक वेळी निरीक्षण करा. गाडीच्या घड्याळात सेकंद दिसत नाहीत, म्हणून मिनिटाचा आकडा बदलतो त्या क्षणी मोबाईलवर किती सेकंद झाले ते लिहा. समजा फरक १२, २५, ३६, ४९ सेकंद असा आला. २८ दिवसांत ४९ सेकंद, म्हणजे दिवसाला १.७५ सेकंद. आता मुलाला भाकीत करू द्या. पूर्ण एक मिनिट कधी चुकेल? (सुमारे ३४ दिवसांनी.) पाच मिनिटं कधी? (सुमारे १७१ दिवसांनी.) ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी तपासा. स्वतः केलेलं भाकीत खरं ठरताना पाहणं हा विज्ञानाचा खरा आनंद आहे. जीपीएसवर चालणारं घड्याळ मागे पडणार नाही, तिथे हा प्रयोग भिंतीवरच्या घड्याळावर करा.

शेवटी, दहा मिनिटं पुढच्या घड्याळाबद्दल

बरेच पालक गाडीचं घड्याळ मुद्दाम पुढे ठेवतात, उशीर होऊ नये म्हणून. हेतू चांगला असतो. पण मुलाच्या बाजूने पाहा. घड्याळात ७:१० झाले की आपण "उशीर झाला, लवकर बस!" म्हणून ओरडतो, आणि रस्त्यात मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करून निवांत होतो. मूल हे दोन्ही बघतं. थोड्याच दिवसांत तेही दहा मिनिटं वजा करायला शिकतं. मग घड्याळ पुढे ठेवण्याचा उपयोग राहत नाही, आणि घड्याळ जे सांगतं ते खरं असतं हा विश्वासही जातो.

त्यापेक्षा घड्याळ बरोबर ठेवा आणि उलटं गणित मुलाकडून करून घ्या. शाळा ७:१० ला भरते. रस्त्याला २५ मिनिटं, गेटपासून वर्गापर्यंत ५, वाटेत अडथळा आला तर १०. मग घरून किती वाजता निघायचं? ६:३०. ही वेळ मुलाने स्वतः काढलेली असते, त्यामुळे सकाळी आपल्याला ओरडावं लागत नाही. ते स्वतःच घड्याळाकडे बघून म्हणतं, "आई, साडेसहा होत आले, चल."